रायीतली वाट आणि आत्यांची सही

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वय 28. नोकरी पणजीत, शनिवार-रविवार गावात असतो. गेली चार वर्षं पावसाळ्यात लोकांना आमच्या गावच्या धबधब्यावर नेतो. मोसमात दहाएक सहली होतात, दर वेळी वीसेक माणसं, माणशी 900 रुपये. वाट आमच्याच रायीतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून जाते. जमीन आजोबांच्या नावावर आहे. आजोबा-आजी दोघंही वारली, पण वाटणी झालेली नाही. बाबा आणि मोठे काका असे दोघे भाऊ. दोन आत्या, एक डिचोलीला दिलेली, एक फोंड्याला. जमिनीचं सगळं काकाच बघतात.

मार्चमध्ये काकांनी लाकडाच्या ठेकेदाराकडून एक लाख आगाऊ घेतले. साडेचार लाखांत 32 झाडं द्यायची ठरलंय. किंदळ, माट्टी, नाणो, जांभूळ, काही तर दोघांच्या कवेत मावत नाहीत अशी. ओहोळाकाठच्या चिखलात गुडघ्यासारखी मुळं वर काढलेली रानजायफळं आहेत, तीही त्यात आली. देवाच्या पाषाणाभोवतालची दहा-बारा झाडं तेवढी सोडणार म्हणतात. आजी म्हणायची, रायीतली काटकीसुद्धा चुलीत घालू नये. ठेकेदाराने वाटेवर काटेरी तार ओढून फाटक घातलंय. काकांशी बोलायला गेलो तर म्हणाले, ‘तुझ्या पिकनिकसाठी मी झाडं राखू?’ त्यांच्यावर कर्ज आहे, काजूचं पीक दोन वर्षं गेलं, धाकटीची नर्सिंगची फी भरायचीय, हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. बाबा गप्प. माझे ट्रेकिंगवाले मित्र म्हणतात, फोटो टाकूया, दीडशे-दोनशे लोक रायीतच जमवूया. मला राय राखायचीय, घर मोडायचं नाही. काय करू?

ता. क. जूनअखेरची आणि जुलैच्या पहिल्या रविवारची सहल भरलीय, पैसेही आलेत. फाटक चुकवून ओहोळातून लोकांना नेऊ का?

— एक पुतण्या, सत्तरी

* * *

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या काकांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुझाही थोडा आला. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल.

तूच दिलेले आकडे मांडते. दहा सहली, वीस माणसं, माणशी 900. मोसमाला एक लाख ऐंशी हजार झाले. बस, जेवण, बरोबरच्या पोरांची मजुरी वजा करून निम्मे उरले म्हणू. तरी चार पावसाळ्यांत साडेतीन लाखांच्या वर तुझ्या हातात आले. ज्या रायीतून ही माणसं गेली ती सांभाळणाऱ्या काकांच्या हातावर त्यातलं काय ठेवलंस? पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही, म्हणजे बहुधा काहीच नाही. तुझ्या मनात पाप नव्हतं, हे मला कळतं. घरचीच राय, घरचीच वाट, पुतण्याने काकाला पैसे कसले द्यायचे! पण एकदा काकांच्या सोप्यावर बसून बघ. दर रविवारी रंगीत रेनकोट घातलेली वीस माणसं अंगणासमोरून जातात, हसतात, फोटो काढतात. पैसे पुतण्याला. उन्हाळ्यात वणवा लागला तर धावायचं काकांनी, कुंपण मोडलं तर घालायचं काकांनी. ‘तुझ्या पिकनिकसाठी मी झाडं राखू?’ हे वाक्य तुला झोंबलं. मला ते अगदी रास्त वाटलं.

आणि तरीही ती 32 झाडं पडता कामा नयेत.

हे मी लांबून बोलत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी घरामागचा एक नाणो विकला. माझ्या आजोबांच्याही आधीचा. कापायला दोन माणसं आली. लाकडी घोडीवर ओंडका चढवून एक वर, एक खाली, मधे लांब करवत. वरचा रेघ सांभाळायचा आणि खालच्याच्या पापण्यांवर भुसा साचायचा. मी त्यांना चहा नेऊन द्यायची. चार दिवस ते काम चाललं आणि चार दिवस वडील घराच्या मागच्या दारी आले नाहीत. त्या झाडाला वर एक ढोली होती, धनेशाची जोडी दर वर्षी तिथे अंडी घालायची. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, नुसती चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं भरवतो. पुढच्या वर्षी ती जोडी आली, रिकाम्या जागेवर दोन फेऱ्या मारल्या आणि गेली. मी माहेरपणाला आले होते, परसात उभी राहून बघत होते. वडिलांनी चूक केली असं मी आजही म्हणत नाही, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण तुझ्या काकांपुढे आहे. तो त्यांच्यापर्यंत पोचवायचा, एवढंच तुझं काम.

पाषाणाभोवतालची दहा-बारा झाडं सोडणार, यात काकांची श्रद्धा आहे, तिला हसू नकोस. पण दहा-बारा झाडं म्हणजे राय नव्हे. दाट रानात वाढलेली उंच झाडं एकमेकांच्या आडोशाने उभी असतात. भोवतालची पाडली की आषाढातला वारा थेट त्यांच्यावर येतो, वैशाखातलं ऊन थेट मुळांवर पडतं. रानजायफळाचं तर आणखीच अवघड. कायम ओल असलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघे वर काढून श्वास घेतात. ओल गेली की ते झाडही गेलं. त्याचं बी मोठं आणि रसरशीत, वाळवून डब्यात ठेवलं तर मरतं. ते नेऊन टाकायला धनेशासारखा मोठा पक्षी लागतो, आणि धनेशाला ढोलीचं जुनं झाड लागतं. म्हणून ‘एक तोडलं तर दोन लावू’ हा हिशेब अशा जागी लागू पडत नाही. बांबरची निरंकाराची राय सत्तरीतच आहे, तिथे ही झाडं आजही देवाच्या नावाने उभी आहेत. एकदा काकांना बरोबर घेऊन जा. बोलू नकोस काही, नुसते जाऊन या.

आता आत्यांचं. तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांना कुणी विचारलं असं कुठेच नाही. काकांनी नाही, बाबांनी नाही आणि तूही नाही! गोव्यात मुलगी लग्न करून गेली म्हणून तिचा हक्क जात नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या दिवाणी कायद्यात मुलगा-मुलगी समान वारस, आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत अर्धी-अर्धी. म्हणजे आजोबांनी मृत्युपत्र करून काही वेगळं ठेवलं नसेल तर ती राय चार भावंडांची आणि त्यांच्या जोडीदारांची आहे. आठ माणसं. त्यात तुझी काकीही आली, आईही आली. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून आण, कुणाकुणाची नावं चढली आहेत ते बघ. आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटारियो, म्हणजे वारस ठरवून वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया, झालेला नसेल तर तो करायला चांगला वकील गाठा, आज ना उद्या करावाच लागणार आहे. पण कागद हातात आला म्हणून काकांच्या तोंडावर फडकवू नकोस. डिचोलीला जा, फोंड्याला जा, आत्यांकडे बसून जेव आणि विचार, ‘रायीतली झाडं विकायची ठरलीत, तुम्हाला ठाऊक आहे का?’ त्या रायीत त्यांचं बालपण गेलंय. आईबरोबर पाण्याला, गवताला त्या तिथून गेल्या असतील, तू गेलास तो चार पावसाळे. माझा अंदाज आहे, काकांशी जे तुला बोलता येत नाही ते मोठी बहीण पाच मिनिटांत बोलेल.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते, कारण तू तिच्यापासून सुरुवात करू नयेस असं मला वाटतं. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘खासगी जमीन आहे, कोण विचारतो’ असं ठेकेदार म्हणाला असेल तर ते खोटं आहे. सुप्रीम कोर्टाने 12 डिसेंबर 1996 ला सांगून ठेवलंय की रान कुणाच्याही मालकीचं असो, रान ते रानच. खासगी रान ओळखायला गोव्यात निकषही ठरलेले आहेत: सलग पाच हेक्टर, झाडांत तीन चतुर्थांश रानटी जाती आणि पानांचं छत चाळीस टक्के. तुमची राय केवढी ते तू लिहिलं नाहीस. सलग रान मोजायचं असतं, तुमच्या एकट्याच्या सर्व्हे नंबरापुरतं नव्हे, हे लक्षात ठेव.

आणि तुमचा सर्व्हे नंबर म्हादई अभयारण्यात येतो का, हे वाळपईच्या वन कार्यालयात आधी बघ. 1999 साली 208 चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य झालं तेव्हा कितीतरी गावांच्या जमिनी त्यात आल्या. आत येत असेल तर तोडीचा प्रश्नच मिटला. तुझी आजी म्हणायची ना, काटकीसुद्धा चुलीत घालू नये? 2000 सालच्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने अभयारण्यांसाठी नेमकं तेच सांगितलं, वाळलेलं किंवा वाऱ्याने पडलेलं झाडसुद्धा उचलायचं नाही. पण मग कायदा तुझ्याकडेही बघेल. अभयारण्यात माणसं न्यायला परवाना लागतो. चार वर्षं तो काढला होतास का?

तक्रारीचा कागद आज नको. फक्त एका प्रसंगी मागेपुढे पाहू नकोस: परवानगी नसताना मशीन करवतीचा आवाज आला, तर त्याच क्षणी वनखात्याला फोन कर, काका काय म्हणतील याचा विचार न करता. पडलेलं झाड कुठलंही नातं उभं करून देत नाही.

तुझ्या मित्रांचं मन चांगलं आहे, पण त्यांना थांबव. मोलेचं रान वाचवायच्या लढ्याचा दाखला ते देत असतील. तो लढा मीही जवळून पाहिला. रेल्वेचा दुसरा रूळ, हमरस्त्याचं रुंदीकरण आणि विजेची वाहिनी असे तीन प्रकल्प त्या रानावर आले होते. पोरापोरींनी चित्रं काढली, अभ्यासकांनी अहवाल चाळले, हजारोंनी पत्रं लिहिली. 2020 च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. 9 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या रुळाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. पण तिथे समोर सरकार होतं आणि कागद सगळ्यांसमोर होते. इथे समोर कर्जात बुडालेला एक शेतकरी आहे, त्याची मुलगी आहे, तिच्या वर्गातल्या मुली तो फोटो बघणार आहेत. शिवाय चांदरचे लोक रुळांवर बसले होते, रानात नाही. दोनशे माणसं पावसात तुमच्या रायीत उभी राहिली तर त्या चिखलातल्या गुडघ्यांवर चारशे पाय पडतील. ठेकेदाराच्या आधी तुम्हीच ते मारून ठेवाल.

इथे मला तुला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय, आणि ते तुला आवडणार नाही. झाडं आणि वाट एकत्र मागू नकोस. काकांना, आत्यांना, वनखात्याला, कुणालाही भेटशील तेव्हा धबधब्याचं नाव काढू नकोस. तू वाटेसाठी झाडं मागतोस असं एकदा दिसलं की काकांचं ‘पिकनिक’ खरं ठरतं. शिवाय वाट ही किती कच्ची गोष्ट आहे ते तू स्वतः पाहिलंयस. 2023 च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. एका परिपत्रकाने वाट बंद होते. झाडांची बाजू त्या वाटेवर उभी केलीस तर वाट बंद झाली त्या दिवशी झाडांना बाजूच उरणार नाही. म्हणून आधी स्वतःच्या मनाशी ठरव: उद्या आठही जण म्हणाले की राय ठेवतो, पण यापुढे तिच्यातून एकही माणूस जायचा नाही, तर तुला चालेल का? या प्रश्नाला खरंखुरं ‘हो’ म्हणता येत नसेल तर अजून काकांकडे जाऊ नकोस.

‘हो’ म्हणता आलं, तर जा. एकटा जा, बाबांना घेऊन जाऊ नकोस, नाहीतर दोन भावांचं जुनं काहीतरी निघेल. पहिलं वाक्य माफीचं असू दे: ‘काका, चार वर्षं मी तुमच्या राखणीवर कमावलं आणि तुम्हाला विचारलंही नाही.’ दुसरं वाक्य त्या एका लाखाचं. तो आगाऊ परत करायला काकांकडे आज पैसे नाहीत, त्यांचा खरा अडसर तोच आहे. तो लाख तू भर. जमवलेल्यातून भर, कमी पडले तर आत्यांकडे माग, पण भर. ठेकेदाराकडून आगाऊ परत मिळाल्याची चिठ्ठी लिहून घे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. फाटक आणि तार त्याची आहे, ती त्यालाच काढू दे. बहिणीच्या फीचा विषय तू काढू नकोस, तो काकी काढेल, आणि काढला की वाटा उचल.

पुढच्या कमाईचं बोलायचं ते नंतर, काकांनी स्वतः विचारलं तर. मग सांग की माणशी अमुक रक्कम घराच्या खात्यात, तुझ्या खिशात जाण्याआधी. एका सहलीला वीस नव्हे, आठ माणसं. वाट चिखलाच्या वरून, डोंगराच्या कडेने, आणि आषाढात महिनाभर पूर्ण बंद. पुढे चालणारा माणूस काका असतील तर फारच छान. धनेश कुठल्या ढोलीत बसतो ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर पोर्ट रेन्फ्रू म्हणून लाकूडतोडीवर जगणारं गाव आहे. तिथल्या एका जुन्या रानावर तोडीच्या खुणा लागल्या होत्या. लोक ते बघायला येऊ लागले, गावातल्या दुकानदारांनीच ‘तोडू नका’ म्हटलं, आणि 2012 साली ते रान राखीव झालं. पुढे बघणाऱ्यांच्याच पायांनी मुळं तुडवली जायला लागली, तेव्हा स्वयंसेवकांना लाकडी फळ्यांची वाट बांधावी लागली. तुझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी राहू देत.

वेळ आहे का, असं विचारशील. आहे, थोडा. पाऊस एकदा धरला की ओंडके भरलेला ट्रक रानातून बाहेर निघत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक आहे. त्यामुळे धोका आत्ताचा, पाऊस लागेपर्यंतचा, आणि मग दसऱ्यानंतरचा. मधे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आहे. चवथीला आत्या येतील, सगळे एका छपराखाली असतील. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या चौकटीला, कांगलां, घागऱ्या, कवंडळ, माट्टीची फळं आणायला यंदा काका जातील तेव्हा तू बरोबर जा, आणि आत्यांना घेऊन जा. पंचमीला गणपती पोचवण्याआधी आठही जणांनी मिळून काय ते ठरवावं. लिहून ठेवा, सह्या करा. पुढे कधी सगळ्यांची तयारी झाली तर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राय नोंदवायचा मार्गही आहे. डिचोलीतल्या सुर्लाची पुर्वतळी राय तशी नोंदवलेली आहे. पण ती पुढची गोष्ट, घाई नको.

काकांनी नाहीच ऐकलं तर? तर आत्यांनी वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवावं की आम्ही सहमालक आहोत आणि आमची संमती नाही. तो अर्ज तू लिहून दे, पण सही त्यांची असू दे. तोवर काकांच्या घरी जाणं-येणं सोडू नकोस. ते बोलले नाहीत तरी काकीच्या हातचा चहा घेऊन ये.

ता. क. चं उत्तर: नाही. ओहोळातून नेऊ नकोस. जूनअखेरचं पाणी कधी चढेल ते सांगता येत नाही, आणि फाटक चुकवून चोरासारखा स्वतःच्याच रायीत शिरलास तर काकांना दाखवायला तुझ्याकडे तोंड राहणार नाही. चाळीस जणांचे पैसे या आठवड्यातच परत कर. कारण विचारलं तर ‘घरच्या जमिनीचं काम निघालंय’ एवढंच सांग.